दगड तोच, वाट तीच. मग टक्के का वाढले?



२०२५ सालच्या फेब्रुवारी महिन्यातील गोष्ट आहे. तास संपवून मी वर्गाबाहेर पडत होतो, तेवढ्यात अकरावीचा एक विद्यार्थी वर्तमानपत्राचे कात्रण घेऊन माझ्यापाशी आला. एक लघुग्रह २०३२ साली पृथ्वीवर आदळण्याची शक्यता आहे आणि आदळलाच तर तो ज्या लांबलचक पट्ट्यात कोठेतरी पडेल त्या पट्ट्यात मुंबईही येते, अशी ती बातमी होती. त्याने विचारले, "सर, मागे दोन टक्के शक्यता म्हणत होते, आता तीन टक्के म्हणतात. म्हणजे तो दगड वळून आपल्याकडे यायला लागला आहे का?"

प्रश्न साधा होता, पण त्या दिवसांत पुष्कळ मोठ्या माणसांच्याही मनात नेमका हाच प्रश्न होता. पुढे आठवडाभरातच ती शक्यता तीन टक्क्यांवरून जवळजवळ शून्यावर आली. तेव्हा तोच मुलगा पुन्हा आला. आता त्याचा प्रश्न वेगळा होता : "मग आधी सांगितले ते खोटे होते का?"

या दोन्ही प्रश्नांचे उत्तर "नाही" असे आहे. दगड वळला नव्हता आणि शास्त्रज्ञ खोटेही बोलले नव्हते. हे दोन्ही एकाच वेळी कसे खरे असू शकते, ते आज आपण पाहू या.

पाहुण्याची ओळख

२७ डिसेंबर २०२४ रोजी दक्षिण अमेरिकेतील चिली देशात, रिओ उर्तादो येथे, 'ॲटलास' नावाच्या दुर्बिणीने एक अंधूक ठिपका टिपला. अशा दुर्बिणी रात्रीच्या रात्री आकाशाची छायाचित्रे घेत असतात आणि संगणक ती एकमेकांशी ताडून पाहतो. तारे आपापली जागा सोडत नाहीत. मधला एखादाच ठिपका सरकलेला दिसला की तो आपल्या सूर्यमालेतलाच कोणीतरी असणार, हे उघड होते. या ठिपक्याला '२०२४ वायआर४' असे नाव मिळाले.

हे कसले नाव, असे तुम्हाला वाटेल. पण त्यात त्या लघुग्रहाची जन्मवेळच दडलेली आहे. इंग्रजी वर्णमालेतील 'आय' आणि 'झेड' ही अक्षरे वगळली की २४ अक्षरे उरतात. ती वर्षाच्या २४ पंधरवड्यांना ओळीने दिलेली आहेत. 'वाय' हे शेवटचे अक्षर, म्हणजे १६ ते ३१ डिसेंबरचा पंधरवडा. पुढचे अक्षर त्या पंधरवड्यातील क्रमांक सांगते. येथे फक्त 'आय' वगळतात, म्हणून २५ अक्षरे मिळतात. ती संपली की पुन्हा 'ए' पासून सुरुवात करून पुढे आकडा जोडतात. 'आर' हे सतरावे अक्षर आहे, आणि ४ म्हणजे सगळी अक्षरे चार वेळा वापरून झाली. ४ × २५ + १७ = ११७. म्हणजे आपला हा पाहुणा त्या पंधरवड्यातील ११७ व्या क्रमांकाचा!

बहुतेक लघुग्रह मंगळ आणि गुरू यांच्या कक्षांमधील पट्ट्यात फिरतात. काही थोडे मात्र लांबट कक्षांतून पृथ्वीच्या वाटेजवळ येतात. त्यांना पृथ्वीसमीप लघुग्रह म्हणतात. २०२४ वायआर४ हा त्यांपैकी एक आहे. सूर्यापासून त्याचे सरासरी अंतर पृथ्वीच्या अंतराच्या सुमारे २.५२ पट आहे. केप्लरचा तिसरा नियम तुम्हाला आठवत असेल. २.५२ चा घन केला तर १६ येतात आणि १६ चे वर्गमूळ ४. म्हणजे सूर्याभोवती एक फेरी पुरी करायला त्याला सुमारे चार वर्षे लागतात. २०२४ च्या डिसेंबरात तो आपल्याजवळ आला, तेव्हा २०२८ च्या आणि २०३२ च्या डिसेंबरातही तो आपल्या बाजूला येणार, हे या गणितावरून कळते. काळजीची तारीख होती २२ डिसेंबर २०३२.

फाटकावरची गाडी

खेड्यातून जाणारा एक रस्ता आणि त्याला छेदणारा रेल्वेमार्ग डोळ्यांपुढे आणा. रस्ता आणि रूळ एकमेकांना छेदतात, म्हणून काही रोज अपघात होत नाही. बैलगाडी आणि आगगाडी दोन्ही एकाच क्षणी फाटकावर आल्या तरच अनर्थ. लघुग्रहाचेही असेच आहे. त्याची वाट पृथ्वीच्या वाटेच्या अगदी जवळून जाते, एवढ्याने टक्कर होत नाही. दोघांनीही त्या ठिकाणी एकाच वेळी यायला हवे.

आता "एकाच वेळी" म्हणजे किती नेमके, याचा हिशेब करू. पृथ्वी आपल्या कक्षेतून सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने धावते. तिचा व्यास १२,७४२ किलोमीटर आहे. भागाकार केला तर सुमारे ४२५ सेकंद येतात. म्हणजे अवघ्या सात मिनिटांत पृथ्वी आपल्या स्वतःच्या रुंदीएवढी पुढे सरकते. लघुग्रह फाटकावर सात-आठ मिनिटे आधी किंवा उशिरा आला, तर पृथ्वी बचावली!

२०२५ साली बसून २०३२ च्या डिसेंबरातील सात मिनिटांविषयी बोलायचे होते. आठ वर्षांत सुमारे ४२ लाख मिनिटे होतात. त्यांत सात मिनिटे म्हणजे सहा लाखांत एक भाग. एवढी अचूकता पहिल्याच महिन्यात कोठून आणायची?

बांगडीचा तुकडा

दुर्बिणीतून लघुग्रहाचे अंतर दिसत नाही. आकाशात तो कोणत्या दिशेला आहे, एवढेच दिसते. त्या दिशेच्या मोजमापातही लहानशी चूक राहतेच. ती विकलेच्या काही अंशाइतकी असते. एका अंशाचे ३,६०० समान भाग केले तर त्यांतला एक भाग म्हणजे एक विकला. चूक इतकी सूक्ष्म असूनही पुढे ती कशी फुगते, हे पाहण्यासाठी एक घरगुती उदाहरण घेऊ.

फुटलेल्या बांगडीचा नखाएवढा तुकडा तुमच्या हातात दिला आणि त्यावरून पूर्ण बांगडी कागदावर काढायला सांगितली, तर काय होईल? वर्ग भरून मुलांना हे काम दिले, तर कोणाची बांगडी लहान येईल, कोणाची मोठी. तुकड्याच्या जागी सगळ्यांची चित्रे जुळतील. पण पलीकडच्या बाजूला ती एकमेकांपासून फार दूर जातील. अर्धी बांगडी हाती दिली, तर मात्र सगळ्यांची चित्रे जवळजवळ सारखीच येतील.

लघुग्रहाच्या कक्षेचा आपल्याला दिसलेला भाग म्हणजे हा तुकडा. चार वर्षांच्या फेरीपैकी महिनाभराचाच भाग दिसला असेल, तर तुकडा नखाएवढाच समजायचा.

तुकड्यावरून बांगडी ओळखण्याचा हा उद्योग तसा जुना आहे. १ जानेवारी १८०१ रोजी इटलीतील पालेर्मो येथे पियाझी या खगोलशास्त्रज्ञाला सेरेस सापडला. जेमतेम ४१ दिवस त्याने त्याचे वेध घेतले. मग तो सूर्याच्या प्रकाशात दिसेनासा झाला. पुन्हा शोधायचा तर कोठे शोधायचा? तेव्हा गाऊस या २४ वर्षांच्या गणितज्ञाने त्या थोड्याशा वेधांवरून कक्षा काढण्याची रीत बसवली, आणि वर्षअखेरीस सेरेस त्याने सांगितलेल्या जागेजवळ सापडला. मोजमापातल्या चुका जमेस धरून सर्वांत योग्य कक्षा कशी निवडायची, हा विचार तेव्हापासून खगोलशास्त्रात रुजला.

आपल्या पाहुण्याच्या बाबतीत आणखी एक अडचण होती. तो दिसला २७ डिसेंबरला, पण पृथ्वीच्या सर्वांत जवळ येऊन गेला होता २५ डिसेंबरलाच, चंद्राच्या अंतराच्या दुपटीहून थोड्या जास्त अंतरावरून. म्हणजे दृष्टीस पडला तेव्हा स्वारी पाठ फिरवून निघालेली होती! दर दिवशी तो अधिकाधिक अंधूक होत होता. जे काही मोजायचे ते तो दिसेनासा होण्यापूर्वीच मोजायला हवे होते.

टक्के येतात कोठून?

वेधांत चूक असते, म्हणून त्या वेधांशी जुळणारी कक्षा एकच नसते. थोड्या थोड्या फरकाच्या असंख्य कक्षा त्यांच्याशी जुळतात. संगणक अशा हजारो कक्षा घेतो, प्रत्येकीवर एकेक काल्पनिक लघुग्रह सोडतो आणि २२ डिसेंबर २०३२ रोजी तो कोठे असेल, ते पाहतो. कक्षेचा मार्ग पुष्कळसा ठरलेला असतो, पण वेळ नक्की नसते. आगगाडीचे रूळ माहीत आहेत, पण ती किती वाजता येणार ते माहीत नाही, तसे. त्यामुळे हे सगळे काल्पनिक लघुग्रह पृथ्वीजवळच्या अवकाशात एका अरुंद पण फार लांब पट्ट्यात पसरतात. त्या पट्ट्याचा जेवढा हिस्सा पृथ्वीवर येतो, तेवढी टक्कर होण्याची शक्यता.

जानेवारीच्या अखेरीस ही शक्यता ८३ त एक, म्हणजे सुमारे १.२ टक्के होती. ढोबळ मानाने असे समजा, की त्या पट्ट्यात ८३ पृथ्व्या ओळीने मांडता आल्या असत्या. म्हणजे पट्टा दहा लाख किलोमीटरहून लांब! खरा लघुग्रह त्यात कोठेतरी एकाच ठिकाणी असणार होता. तो नेमका कोठे, हे आपल्याला कळत नव्हते.

बातमीतला मुंबईचा उल्लेखही येथूनच आला. हा अरुंद पट्टा पृथ्वीवरून जातो असे मानले, तर पृथ्वीच्या पृष्ठभागावर त्याची एक रेघ उमटते. ती रेघ पूर्व प्रशांत महासागरातून निघून दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग, अटलांटिक महासागर, आफ्रिका, अरबी समुद्र अशी दक्षिण आशियापर्यंत येत होती. लघुग्रह मुंबईकडे येत आहे, असा तिचा अर्थ मुळीच नव्हता. टक्कर झालीच, तर ती या रेघेवर कोठेतरी होईल, एवढेच ती सांगत होती.

एक खेळ खेळून पाहा

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. टक्के वाढले कसे? यासाठी एक खेळ सांगतो. त्याला फक्त कागद, पेन्सिल आणि एक मित्र लागतो.

वहीच्या पानावर ३२ चौकटी ओळीने काढा आणि त्यांना १ ते ३२ असे क्रमांक द्या. १९ वी चौकट म्हणजे आपली पृथ्वी. आता मित्राला एका चिठ्ठीवर १ ते ३२ पैकी कोणताही एक आकडा लिहून ती खिशात ठेवायला सांगा. तो आकडा म्हणजे लघुग्रहाची खरी जागा. पहिल्याच क्षणी टक्कर होण्याची शक्यता किती? अर्थातच ३२ त एक.

समजा, मित्राने १८ हा आकडा लिहिला आहे. तुम्हाला तो माहीत नाही. मित्र पहिला 'वेध' सांगतो : "आकडा १७ ते ३२ मध्ये आहे." सोळा चौकटी बाद झाल्या, पण १९ वी उरली. आता शक्यता १६ त एक. दुसरा वेध : "१७ ते २४ मध्ये." शक्यता ८ त एक. तिसरा वेध : "१७ ते २० मध्ये." शक्यता ४ त एक, म्हणजे २५ टक्के! आता तुमची छाती धडधडू लागेल. चौथा वेध : "१७ ते १८ मध्ये." १९ वी चौकट बाद. शक्यता एकदम शून्य.

आता मला सांगा, खिशातल्या चिठ्ठीवरचा आकडा या सगळ्या वेळात बदलला का? तो पहिल्यापासून १८ च होता. तरीही शक्यता तीन टक्क्यांवरून सहा, साडेबारा, पंचवीस अशी चढत गेली आणि मग शून्यावर आली. बदलत होते ते तुमचे ज्ञान. आणि तुमचा प्रत्येक आकडा त्या त्या वेळच्या माहितीनुसार बरोबरच होता.

हा खेळ पुष्कळ वेळा खेळा, प्रत्येक वेळी मित्राला वेगळा आकडा लिहायला सांगा आणि निकाल मांडून ठेवा. ३२ डावांमागे सरासरीने १६ डाव पहिल्याच वेधात शून्यावर येऊन संपतील, ८ डाव दुसऱ्या वेधात, ४ तिसऱ्या, २ चौथ्या आणि १ पाचव्या वेधात. एका डावात मात्र आकडा खरोखरच १९ निघेल.

या हिशेबात एक बारकावा आहे. पहिल्याच वेधात संपलेल्या सोळा डावांची बातमी कोण छापणार? वर्तमानपत्रात येतात ते तीन-चार वेध टिकून राहिलेले डाव. म्हणून आपल्या कानावर येणाऱ्या लघुग्रहांची टक्केवारी बहुधा चढताना दिसते.

फेब्रुवारीत काय घडले?

आता खरे आकडे पाहू. २९ जानेवारी २०२५ रोजी, शक्यता एक टक्क्याच्या वर गेल्यामुळे, लघुग्रहांवर लक्ष ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाने रीतसर सूचना काढली. ७ फेब्रुवारीच्या सुमारास आकडा २.३ टक्के झाला. १२ तारखेला माघी पौर्णिमा होती. चंद्राच्या प्रकाशात अंधूक वस्तू दिसत नाहीत, म्हणून त्या सुमारास वेध घेणे कठीण झाले. १८ फेब्रुवारीला शक्यता ३.१ टक्क्यांवर, म्हणजे ३२ त एक अशी पोहोचली. आपल्या खेळातला सुरुवातीचा आकडा हाच होता. पट्टा आखडत चालला होता, पण पृथ्वी अजून पट्ट्यातच होती.

मग चंद्र उशिरा उगवू लागला, आकाश काळे झाले आणि मोठ्या दुर्बिणींना नवे वेध मिळाले. १९ फेब्रुवारीला शक्यता १.५ टक्के झाली. २० तारखेच्या सुमारास ती ०.२८ टक्क्यांवर आली. २४ तारखेला ०.००४ टक्के, म्हणजे २५,००० त एक. पट्टा इतका आखडला, की पृथ्वी त्याच्या बाहेर पडली. लघुग्रह आपल्या ठरलेल्या वाटेने जात होता, तसाच जात राहिला.

शक्यता वेगळी, धोका वेगळा

येथे कोणी म्हणेल, "तीन टक्के म्हणजे तसे थोडेच की! एवढी धावपळ कशाला?" याचे उत्तर टक्क्यांत मिळत नाही, त्यासाठी टक्कर झाली तर काय होईल, हेही पाहावे लागते. शक्यता आणि परिणाम या दोहोंचा मिळून धोका ठरतो.

लघुग्रहाचे आकारमान काढणेही सोपे नसते. लहान पण चकचकीत दगड आणि मोठा पण काळा दगड दुरून सारखेच उजळ दिसतात. म्हणून आरंभी २०२४ वायआर४ चा व्यास ४० ते ९० मीटर यांमध्ये असावा, एवढेच सांगता येत होते. पुढे जेम्स वेब अवकाश दुर्बिणीने त्यातून बाहेर पडणारी उष्णता मोजली. तेव्हा तो सुमारे ६० मीटर ठरला.

आता वहीत गणित करा. ३० मीटर त्रिज्येच्या गोळ्याचे घनफळ सुमारे १,१३,००० घनमीटर येते. एका घनमीटर दगडाचे वस्तुमान अडीच टन धरले, तर एकूण सुमारे २,८०,००० टन. वेग सेकंदाला १७ किलोमीटर धरा आणि गतिज ऊर्जेच्या सूत्रात, म्हणजे वस्तुमानाच्या निम्म्याला वेगाच्या वर्गाने गुणून पाहा. उत्तर येते ४ × १०१६ ज्यूल, म्हणजे चारावर सोळा शून्ये. टीएनटी या स्फोटकाच्या मापाने ही ऊर्जा जवळजवळ एक कोटी टन होते. हिरोशिमावर पडलेला बाँब सुमारे १५,००० टनांचा होता. त्याच्या सहाशेपटींहून ही अधिक आहे. असा दगड सारी पृथ्वी नष्ट करणार नाही; पण एखादे शहर मात्र उद्ध्वस्त करू शकेल.

अशा घटना घडून गेल्या आहेत. ३० जून १९०८ रोजी सैबेरियातील तुंगुस्का येथे अशाच एका वस्तूचा हवेत स्फोट झाला आणि २,००० चौरस किलोमीटरहून अधिक जंगल आडवे झाले. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी रशियातच चेल्याबिन्स्क शहरावर जेमतेम २० मीटरचा दगड फुटला; तरी सुमारे १,५०० माणसे जखमी झाली. तो सूर्याच्या दिशेने आल्यामुळे आधी कोणालाच दिसला नव्हता. आकाशात लख्ख उजेड पडला म्हणून लोक खिडक्यांपाशी धावले आणि मागून आलेल्या हवेच्या धक्क्याने काचा फुटून त्यांच्या अंगावर आल्या. उजेड आधी पोहोचतो आणि हवेचा धक्का मागून, हे लक्षात ठेवा. असा उजेड कधी दिसलाच तर खिडकीपासून दूर व्हावे. आणि आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे विवर तर तुमच्यापैकी पुष्कळांनी सहलीत पाहिले असेल. काळ्या कातळात पडलेला तो सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा खळगा हजारो वर्षांपूर्वी अशाच एका पाहुण्याने केला.

शक्यता आणि परिणाम या दोन्ही गोष्टी एकत्र सांगता याव्यात म्हणून शास्त्रज्ञांनी ० ते १० अशी एक मापनश्रेणी केली आहे. तिला तोरिनो श्रेणी म्हणतात. २०२४ वायआर४ या श्रेणीवर ३ पर्यंत चढला होता. याच्या वर आजवर एकच लघुग्रह गेला आहे. त्याची कथाही ऐकण्यासारखी आहे.

अपोफिसची गोष्ट

१९ जून २००४ रोजी अमेरिकेतील किट पीक वेधशाळेतून एक लघुग्रह सापडला. पुढे त्याचे नाव अपोफिस असे ठेवण्यात आले. त्याचा व्यास सुमारे ३४० मीटर आहे, म्हणजे हे प्रकरण आपल्या पाहुण्यापेक्षा पुष्कळच मोठे. त्याच वर्षी डिसेंबरात असे दिसले, की तो १३ एप्रिल २०२९ रोजी पृथ्वीवर आदळू शकेल. काही दिवसांतच शक्यता तीनशेत एकवरून चढत २७ डिसेंबरला ३७ त एक, म्हणजे २.७ टक्के झाली. तोरिनो श्रेणीवर तो ४ वर पोहोचला. आदल्याच दिवशी हिंदी महासागरात त्सुनामीने हाहाकार उडवला होता, त्यामुळे जगाचे लक्ष तिकडे होते.

इकडे शास्त्रज्ञ जुनी छायाचित्रे धुंडाळत होते. मार्च २००४ मधील काही छायाचित्रांत, शोध लागण्याच्याही तीन महिने आधी, अपोफिसचा ठिपका सापडला. तेव्हा तो कोणाच्याच लक्षात आला नव्हता. बांगडीचा तुकडा एकदम मोठा झाला आणि २०२९ ची टक्कर रद्द झाली! पुढे २०३६ आणि २०६८ या वर्षांविषयी थोडी शंका उरली होती. रडारने लघुग्रहाचे अंतर थेट मोजता येते. मार्च २०२१ मधील रडारच्या वेधांनंतर, निदान शंभर वर्षे तरी अपोफिसपासून भीती नाही, हे निश्चित झाले.

१३ एप्रिल २०२९ रोजी अपोफिस पृथ्वीच्या पृष्ठभागापासून सुमारे ३२,००० किलोमीटर अंतरावरून जाईल. दूरचित्रवाणीचे आणि हवामानाचे कित्येक उपग्रह ३६,००० किलोमीटर उंचीवर असतात. म्हणजे तो त्यांच्याही आतून जाणार! त्या क्षणी भारतात १४ एप्रिलची पहाट असेल, सव्वातीनचा सुमार. युरोप, आफ्रिका आणि पश्चिम आशियातील लोकांना तो नुसत्या डोळ्यांनी दिसेल. त्या दिवशी तुमच्या आसपास कोणी घाबरवणाऱ्या बातम्या पसरवू लागले, तर त्यांना ही सगळी गोष्ट शांतपणे सांगा.

आधी कळले तर काय करता येईल?

समजा, आपल्या खेळातला बत्तिसावा डाव खरोखरच आला, आकडा चढत चढत शंभर टक्के झाला, तर? मग हातावर हात ठेवून बसावे लागेल का? तसे नाही. २६ सप्टेंबर २०२२ रोजी 'डार्ट' हे अमेरिकी यान डायमॉर्फोस नावाच्या सुमारे १६० मीटरच्या दगडावर मुद्दाम आदळवण्यात आले. हा दगड एका मोठ्या लघुग्रहाभोवती ११ तास ५५ मिनिटांत फेरी घालत असे. धडकेनंतर ही वेळ अर्ध्या तासाहून अधिक कमी झाली. माणसाने अवकाशातील एका दगडाची वाट बदलून दाखवली.

दगडाला धक्का किती द्यावा लागेल? त्याचा वेग सेकंदाला फक्त दोन सेंटिमीटरने बदलला, तर दहा वर्षांत तो सुमारे ६,३०० किलोमीटर इकडेतिकडे होतो. हे अंतर पृथ्वीच्या त्रिज्येएवढे आहे. सेकंदाला दोन सेंटिमीटर म्हणजे मुंगीची चाल! पण हाच धक्का आदळण्याच्या एक वर्ष आधी दिला, तर तो दहापट जोराचा लागेल, आणि एक महिना आधी दिला, तर शंभरपटींहून जास्त. म्हणून लवकर कळणे हेच सर्वांत मोठे संरक्षण आहे. आणि लवकर सांगायचे, तर पट्टा अजून लांब असतानाच, म्हणजे माहिती अपुरी असतानाच सांगावे लागते.

त्या विद्यार्थ्याच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर येथेच आहे. 'लांडगा आला रे आला' ही गोष्ट तुम्ही लहानपणी ऐकली आहे. तो मुलगा लांडगा नसताना मुद्दाम ओरडत होता. येथे शास्त्रज्ञ म्हणत होते, "झुडूप हलले आहे. आत लांडगा असण्याची शक्यता बत्तीसात एक आहे. आम्ही जवळ जाऊन पाहतो आणि तुम्हाला सांगतो." मग ते जवळ गेले, पाहिले आणि लांडगा नसल्याचे त्यांनीच सांगितले. अशा राखणदारावर आपण रागावलो, तर पुढच्या वेळी झुडूप हलले तरी तो गप्प बसेल, आणि तीच वेळ खरी निघाली तर?

तेव्हा पुन्हा कधी अशी बातमी वाचाल, तर तीन गोष्टी विचारा. किती दिवसांचे वेध हाती आहेत? दगड केवढा आहे? आणि पुढचे वेध कधी मिळणार आहेत? टक्के वाढलेले दिसले तर घाबरू नका, आणि उतरले म्हणून कोणाला हसूही नका. चिठ्ठीवरचा आकडा पहिल्यापासून लिहिलेलाच असतो. तो वाचण्याइतके जवळ आपल्याला जायचे असते. माझ्या त्या विद्यार्थ्याने हा खेळ घरी धाकट्या बहिणीबरोबर खेळून पाहिला. पस्तीस डावांत एकदाच आकडा १९ निघाला, असे त्याने मला येऊन सांगितले. तुमचा किती वेळा निघतो, ते मोजून पाहा.